पोटावरचा पेला

परवा भाजीच्या हातगाडीवर मेथी आणि पालकाच्या मधोमध हुरड्याचा एक छोटा ढीग दिसला आणि माझे पाय आपोआप थांबले. भाव न विचारताच मी पिशवी पुढं केली. आता जालन्याच्या आसपास ज्वारी शोधावी लागते. जिकडंतिकडं सोयाबीन, कपाशी आणि मोसंबीच्या बागा. घरी येऊन तव्यावर मीठ टाकून दाणे परतले. वास स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत गेला आणि तिथून आवाज आला, "जाफराबाद!"

एवढंच. पण आम्हा दोघांना तेवढं पुरतं. खुर्चीत बसलेल्या माझ्या नवऱ्याचे गुडघे आता पार गेलेत. जिना चढायचा तर कठड्याला धरून. पण हुरड्याची वाटी हातात घेताना त्यांच्या डोळ्यांत जी चमक येते ती पन्नास वर्षांपूर्वीचीच. लिहिताना मी त्यांना सुखदेव म्हणते. बोलताना आजही 'अहो'च्या पुढं माझी गाडी जात नाही.

दुष्काळ सरल्यानंतरचा तो पहिला हिवाळा. त्याआधी आम्ही सरकारी सुकडी खाल्ली होती, रेशनवरच्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या होत्या आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडली होती. मग पाऊस झाला, आणि पौषात जाफराबादच्या आमच्या तुकड्यात ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेली. सकाळी हरभऱ्यातून चाललं की त्याची आंब, पानांवरचं आंबट दव, भेगाळलेल्या टाचांना झोंबायची. त्या झोंबण्याचंसुद्धा सुख वाटावं अशी ती सुगी होती. माय कणसाला हात लावायची आणि नुसतीच उभी राहायची. दादा, म्हणजे माझे वडील, शेताच्या धुऱ्यावरून चालताना स्वतःशीच काहीतरी गुणगुणायचे. ते गुणगुणतात हे मला तोवर ठाऊकच नव्हतं.

अशा दिवसांत दादा म्हणाले, "पाहुणे हुरड्याला येऊन राह्यले." पाहुणे नुसते हुरड्याला येत नाहीत हे मला कळत होतं. माझं मास्तरकीचं शिक्षण संपलं होतं आणि नोकरीचा हुकूम यायचा होता. पोरीला उजवायची हीच वेळ.

सुखदेव आपल्या मामाबरोबर आले. त्यांचे वडील जालन्यात एका जिनिंगमध्ये कामाला, कपाशीचा हंगाम जोरात, म्हणून त्यांना रजा मिळाली नव्हती. सुखदेव कॉलेजात मराठी शिकवायचे. पांढरा शर्ट, काळी पँट, केस नीट मागं वळवलेले. आगटीभोवती सगळे बसले. कणसं भाजली जात होती, माय गोवऱ्यांचा जाळ सारखा करत होती, आणि मी पितळी पेल्यांतून पाणी देत होते. मामांनी रिवाजाप्रमाणं विचारलं, "मुलीला काही येतं का? विणकाम, भरतकाम?"

मी तोंड उघडायच्या आत सुखदेव म्हणाले, "मला नाचता येतं."

मामांना हुरड्याचा ठसका लागला. दादांनी विचारलं, "म्हंजे मिरवणुकीत?"

"न्हाई. लुगडं नेसून, चाळ बांधून. माझा आजा तमाशात नाच्या होता. बाईचा वेष घेऊन नाचायचा. मी विद्यापीठात त्याच्यावरच संशोधन करून राह्यलो, अन् तो नाच शिकूनबी राह्यलो. लग्न झाल्यावर कळण्यापरीस आधी कळलेलं बरं."

मायनं पदर तोंडाशी नेला. मला मात्र हसू आलं. आमच्याकडं पोरीला चालून दाखव म्हणतात, गाऊन दाखव म्हणतात, पण पाहायला आलेला पोरगाच आधी परीक्षेला उभा राहिलेला मी पहिल्यांदाच पाहत होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"हसल्या का तुमी?"

"नाचून दाखवा मंग," मी म्हणाले. माझ्या अंगात तेवढी हिंमत कुठून आली, मला आजही सांगता येत नाही.

ते उठले. बूट काढले. शेणानं सारवलेल्या नव्या खळ्यावर गेले. माझ्या हातातला एक पेला घेतला, हळूहळू मागं वाकत गेले आणि पाण्यासकट तो पेला पोटावर ठेवला. तोंडानंच ढोलकीचा ठेका धरला. मग पोट हलायला लागलं. आधी डावीकडून उजवीकडं, मग खालून वर, मग वाऱ्यानं ज्वारीच्या शेतात लहर जावी तसं. छाती गच्च, मान गच्च, आणि पेला नावेसारखा वर-खाली. शर्ट पँटीत खोचलेल्या माणसाच्या अंगात असलं काही असेल असं कुणाला वाटलं असतं? जाळातलं कणीस तडतडलं तेवढाच काय तो आवाज.

पाहुणे गेल्यावर माय दादांना म्हणाली, "असल्या माणसाला पोरगी द्याची?"

दादांनी काडीनं आगटी उकरली. मग म्हणाले, "त्यानं लपवलं न्हाई. लपवणारे मी लई पाह्यले." आणि माझ्याकडं वळून म्हणाले, "तुझं काय?"

"मला हाच पाहिजे," मी म्हणाले.

माघात विहारात आमचं लग्न झालं. पांढऱ्या लुगड्यात मी जालन्याच्या वस्तीत आले. घरात आम्ही दोघं आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे. सासूबाई केव्हाच वारल्या होत्या. मामंजींच्या अंगाला सरकीच्या तेलाचा वास यायचा आणि भुवयांवर कापसाचे तंतू असायचे. बोलणं जेवढ्यास तेवढं. पोरगा काहीतरी मोठं पुस्तक लिहितोय एवढं त्यांना ठाऊक होतं. तो नाचतो हे ठाऊक नव्हतं. मामा तोंड शिवून बसले होते.

रविवारी आम्ही एसटीनं केदारखेड्याला जायचो. तिथं गुलाबनाना राहायचे. म्हातारे, सडसडीत, पांढऱ्या केसांची मानेवर छोटी गाठ मारलेले. सखाराम नाच्याबरोबर, म्हणजे सुखदेवच्या आज्याबरोबर, तरुणपणी नाचलेले. त्यांचा छोटा फड अजून जत्रांतून फिरत होता. त्यांच्या अंगणात सुखदेव आधी विद्यापीठातून मागून आणलेला टेपरेकॉर्डर लावायचे, प्रश्न विचारायचे. मग टेपरेकॉर्डर बंद करून चाळ बांधायचे. आधी संशोधक, मग शिष्य. एकदा मी विचारलं, नुसते प्रश्न विचारून भागत नाही का? तर म्हणाले, "पुस्तकांमधी नाच्याबद्दल दोन ओळी सापडतात. त्यातली एक टिंगलीची. ज्यानं त्याचा पाय कधी उचलून पाह्यला न्हाई त्यानं लिहिलेली. मला आधी पाय उचलायचाय."

गुलाबनाना चुका काढताना हातातली काठी जमिनीवर आपटायचे. "कंबर सोड, कंबर! कंबर लोकाईची हाये, पोट तुझं हाये!" नऊवारी नेसायला सुखदेवना माझ्यापेक्षा चांगली यायची. निऱ्या अशा बसायच्या की मी पाहून घ्यायचे आणि घरी गेल्यावर तशा घालून बघायचे. लुगड्यात ते बाई दिसत नसत आणि बाप्याही दिसत नसत. दिसायचा तो नाच. मला त्यात लाज वाटावी असं काही कधी सापडलं नाही.

प्रबंध जवळजवळ लिहून झाला होता. फक्त एक प्रकरण कोरं होतं, आज्याचं. पेल्याची ती अदा सखारामचीच, हे गुलाबनानांनी सांगितलं होतं. ती निजामाच्या काळात हैदराबादकडच्या मैफिलींतून आली असावी असा सुखदेवचा अंदाज. पण सखाराम माणूस कसा होता, तो का नाचला, त्यानं काय सोसलं, हे सांगू शकेल असा एकच जण होता आणि तो आमच्याच घरात माझ्या हातची भाकर खात होता. मामंजींपुढं विषय काढला की ते ताटावरून उठायचे. धम्म घेतला त्या वर्षी त्यांनी बापाचे चाळ विहिरीत टाकले होते. "मेलेल्याला कशाला उठवतो?" एवढं एकच वाक्य.

शिमग्याच्या सुमारास वडीगोद्रीच्या जत्रेत गुलाबनानांचा फड होता. त्यांचा नाच्या तापानं फणफणला. सुखदेव उभे राहिले. भर दुपारी, कनातीत, शेकडो लोकांपुढं. मी बायकांच्या बाजूला बसले होते. माझ्या शेजारची एक बाई म्हणाली, "कोन हो हा? किती सुंदर नाचतो!" आणि मी ताठ मानेनं म्हणाले, "माझा मालक." ती माझ्याकडं बघतच राहिली. पण त्या गर्दीत आमच्या वस्तीतलाही एक जण होता.

आम्ही जालन्याला पोचायच्या आत बातमी पोचली. दुसऱ्याच दिवशी दुपारी विहारात बैठक बसली. मामंजी कोपऱ्यात भिंतीला टेकून होते, डोळे जमिनीत. वस्तीतला काशिनाथ नावाचा तरुण उठला. हुशार पोरगा, सुखदेवचाच विद्यार्थी.

"सर, आपल्या लोकांनी मेलेलं ढोर ओढायचं सोडलं. पाटलाच्या दारातली शिळी भाकर सोडली. नाचणं सोडलं. त्याच्यापायी मार खाल्ला. अन् तुमी प्राध्यापक होऊन लुगडं नेसता? उद्या गाव म्हणंल, किती बी शिकले तरी हे नाचणारच."

काशिनाथचं चुकत होतं असं मला आजही वाटत नाही. सुखदेवनाही वाटलं नाही.

"बराबर बोलला तू," ते म्हणाले. "तोच राग मलाबी हाये."

मग मामंजी बोलले. भिंतीकडं पाहतच. "ज्या चाळांनी माझा बाप वाकला ते मी विहिरीत टाकले. तू ते बाहेर काढून राह्यला."

"मी चाळ काढत न्हाई, आबा. मी आज्याला काढून राह्यलो. चाळासंगं तोबी आत पडलाय."

मामंजींची मान वर आली आणि पुन्हा खाली गेली. पुढं काय होणार, कुणालाच कळेना. नाच सोडा नाहीतर वस्ती सोडा, असं कुणीतरी म्हणणार हे दिसत होतं. मी नवी सून, दारात बायकांच्या घोळक्यात उभी. तरी मी म्हणाले, "तुमच्यापैकी किती जणाईनं यांचा नाच पाह्यलाय? मी लग्नाआधी पाह्यला, मंग हो म्हणलं. तुमीबी एकदा पाहा, मंग काय ते ठरवा."

बायकांमधून एक म्हातारी म्हणाली, "पोरगी बिलकुल खरं बोलली." आणि ठरलं. येत्या रविवारी, उजेडात, विहारापुढच्या मोकळ्या जागेत.

तो रविवार मला अजून जसाच्या तसा दिसतो. निंबाला नवी पालवी फुटली होती आणि तिच्यातून ऊन खाली गळत होतं. गुलाबनाना केदारखेड्याहून ढोलकीवाल्याला घेऊन आले होते. सुखदेव पँट-शर्टातच आले आणि आधी वर्गात बोलतात तसे बोलले. नाच्या म्हणजे कोण, तो का नाचायचा, ज्या अंगणात त्याच्यावर टाळ्या पडायच्या त्याच अंगणात त्याला कुठं बसवायचे. पैसे उधळायचे नाहीत, शिट्टी मारायची नाही, एवढं सांगितलं. मग आडोशाला न जाता, सगळ्यांच्या देखत, पँटीवरूनच नऊवारी नेसले. निऱ्या घातल्या, काष्टा ओढला, चाळ बांधले. वर्गातले सर आणि नाच्या हे दोन निराळे जण आहेत असं म्हणायला त्यांनी कुणाला जागाच ठेवली नाही.

आणि नाचले. मी कितीतरी वेळा पाहिलं होतं, पण त्या दिवसासारखं नाही. शेवटी पेला आला. मागं वाकलेलं शरीर, पोटाची ती लहर, तिच्यावर तरंगणारं पितळ. पोरं श्वास धरून बसली होती. तमाशातला नाच्या शेवटी पाटलाला लवून मुजरा करतो. सुखदेवनी पेला उतरवला, सरळ उभे राहिले, नेसल्या लुगड्यात मूठ वर केली आणि म्हणाले, "जय भीम!"

मग वस्तीतून जो जय भीम उठला त्यानं निंबावरचे पोपट उडाले. काशिनाथ उभा राहून टाळ्या वाजवत होता आणि बाहीनं डोळे पुसत होता.

मामंजी सगळ्यांत मागं उभे होते. ते गर्दीतून वाट काढत पुढं आले. त्यांनी पेला उचलला, आत पाहिलं आणि पोराला म्हणाले, "बोटभर कमी हाये."

"काय, आबा?"

"पाणी. माझ्या बापाचा पेला काठोकाठ असायचा."

त्या संध्याकाळी मामंजी बोलले. चुलीपुढं बसून, माझ्या हातातला चहा निवेपर्यंत. ते लहान असताना बापाबरोबर गावोगाव जायचे. पाटलाच्या अंगणात उन्हातान्हाचा नाच व्हायचा. सखारामचा घसा सुकायचा, पण त्या अंगणात त्याला पाणी द्यायला कुणी पुढं यायचं नाही. आड पाटलाचा, घागर पाटलाची. मग त्यानं ही अदा काढली. पेला त्याचा स्वतःचा. नाचासाठी म्हणून वरून पाणी ओतून मागायचं. नाचासाठी मागितलं की मिळायचं. पोटावर ठेवून नाचायचं, थेंब सांडू द्यायचा नाही, आणि नाच संपला की प्यायचं. अर्धं आपण, अर्धं पोराला.

"लोकाईला वाटायचं काय कमाल हाये," मामंजी म्हणाले. "त्याला तहान लागलेली असायची. अन् मलाबी."

सुखदेवनी टेपरेकॉर्डर लावला नव्हता. लावायचं भानच राहिलं नव्हतं. ते उठले आणि आबांच्या पायाशी जाऊन बसले. हैदराबादच्या मैफिलींबद्दल लिहिलेली पानं त्यांनी दुसऱ्या दिवशी आनंदानं बाजूला काढली. कोरं प्रकरण त्या उन्हाळ्यात लिहून झालं. रोज जिनिंगमधून आल्यावर मामंजी हातपाय धुवून स्वतःच विचारायचे, "आज कुठून सांगू?"

तोंडी परीक्षा पुढच्या हिवाळ्यात झाली. विद्यापीठाच्या त्या दालनात उंच खिडक्या होत्या आणि बाकांना नव्या पॉलिशचा वास. मी आणि मामंजी शेवटच्या बाकावर. मामंजींनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, भुवया स्वच्छ होत्या. बाहेरून आलेले परीक्षक जाडजूड प्रबंध चाळत म्हणाले, "काम मेहनतीचं आहे. पण संशोधकानं विषयापासून अंतर ठेवायला हवं. तुम्ही तर विषयच अंगावर नेसलात!"

काही जण हसले. सुखदेव म्हणाले, "सर, अंतर ठेवून पाहणारे आधी होऊन गेले. त्यांना पेला दिसला. त्यातलं पाणी कुणासाठी होतं, ते नाही दिसलं. मी दाखवू का?"

बाक सरकवले गेले. पेला भरला, काठोकाठ. सुखदेव मागं वाकले. त्या विद्वानांच्या दालनात एका माणसाचं पोट बोलायला लागलं. पाण्याची कड थरथरत होती, सांडत नव्हती. मग ते उभे राहिले, आणि सगळ्यांच्या देखत ते पाणी अर्धं प्यायले. उरलेलं घेऊन शेवटच्या बाकाशी आले आणि मामंजींच्या हातात पेला दिला. मामंजींनी दोन्ही हातांनी धरून तो रिकामा केला.

परीक्षक जागेवरून उठून आले. त्यांनी मामंजींना विचारलं, "आपण कोण?"

"मी सखाराम नाच्याचा पोरगा," मामंजी म्हणाले. आवाज असा खणखणीत की मी दचकले. "हा त्याचा नातू. मधी नाच माझ्यापाशी अडला होता."

पदवी मिळाली त्याचं मला अप्रूप आहेच. सुखदेवनी पुढं निवृत्तीपर्यंत शिकवलं, पोरांकडून शोधनिबंध लिहून घेतले, आणि दर शिमग्याला गुलाबनानांच्या फडात उभे राहिले. कुणी त्यांना प्राध्यापक म्हणालं, कुणी नाच्या. ते दोन्ही हाकांना ओ द्यायचे. आजही एखादी मुलगी किंवा मुलगा शिकायला येतो तेव्हा ते खुर्चीत बसून नुसत्या पोटानं दाखवतात, आणि मी दारातून पाहते. दादांना मी दिलेलं उत्तर आठवतं तेव्हा त्या विशीतल्या पोरीची पाठ थोपटावीशी वाटते.

निकाल कळल्यानंतर पेढे घेऊन आम्ही केदारखेड्याला गेलो होतो. एसटीतून उतरलो तर फाट्यावरच्या झाडाखाली एक म्हातारी वाट पाहत बसलेली. गावात कळलं होतं की गुलाबनानांचा चेला डॉक्टर झाला. तिनं लुगडं वर घेऊन सुजलेला गुडघा पुढं केला. "डाक्टर, एवढं पाहा बरं. रातभर ठणकतो."

"मावशे, मी दवाईचा डॉक्टर न्हाई," सुखदेव ओशाळून म्हणाले. "नाचातला हाये."

"नाचातबी डाक्टर असतेत?" म्हातारीनं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं. "मंग उभा काय राह्यला? नाच की! तेवढंच ठणकणं इसरंल."

कंडक्टर घंटी मारायचा थांबला. खिडक्यांतून माणसं डोकावली. सुखदेवनी पेढ्यांचा पुडा माझ्या हातात दिला, माझ्याकडं पाहिलं आणि फाट्यावरच्या त्या उन्हात, नव्या इस्त्रीच्या कपड्यांत, पाय उचलला. ढोलकी नव्हती. मी पुडा म्हातारीच्या मांडीवर ठेवला, पदर खोचला आणि आयुष्यात पहिल्यांदा भर रस्त्यावर, सगळ्या एसटीच्या देखत, दोन्ही हातांनी टाळीवर ठेका धरला.